व्यावहारिक परिचर्या

सुमारे एक वर्षाचे प्रशिक्षण, त्यानंतर शासनमान्य परीक्षा व परवाना, आणि नोंदणीकृत परिचारिका किंवा वैद्य यांच्या निर्देशाखाली रुग्णसेवा, असे स्वरूप असलेल्या शुश्रूषाव्यवसायाला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात व्यावहारिक परिचर्या म्हणतात. हा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीस ‘लायसेन्स्ड प्रॅक्टिकल नर्स’ (परवानाधारक व्यावहारिक परिचारिका) अशी संज्ञा आहे. कॅलिफोर्निया व टेक्सस या राज्यांत तिला ‘लायसेन्स्ड व्होकेशनल नर्स’, तर कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतात ‘रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स’ म्हणतात. या शेवटच्या नावात ‘रजिस्टर्ड’ हा शब्द असल्यामुळे परदेशस्थ वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव असतो. तथापि आँटॅरिओतही नोंदणीकृत परिचारिका हा वर्ग निराळाच आहे.

नावातील ‘व्यावहारिक’ या विशेषणाचा अर्थ, नोंदणीकृत परिचारिकेचे शिक्षण केवळ पुस्तकी असते, असा नव्हे. दोन्ही अभ्यासक्रमांत रुग्णशय्येजवळील काम सक्तीचे असते. दोहोंतील भेद प्रशिक्षणाच्या कालावधीत दिसत असला, तरी त्याचे मूळ कालावधीत नाही. रुग्णाच्या स्थितीविषयी निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार कोणाला, या प्रश्नात ते आहे. एका मार्गाऐवजी दुसरा निवडणाऱ्या उमेदवारांच्या लक्षात ही गोष्ट पुष्कळदा प्रशिक्षण संपल्यावर येते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत घरोघर जाऊन आजाऱ्याची, बाळंतिणीची वा वृद्धाची सेवा करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया अप्रशिक्षित असत. १८९२ च्या सुमारास न्यूयॉर्क नगरात यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनने अशा स्त्रियांसाठी सुमारे तीन महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. तो पुढे बॅलर्ड विद्यालय या नावाने प्रसिद्ध झाला. अर्भके, वृद्ध व दीर्घकाळ आजारी असलेले लोक यांची घरातील सेवा, पथ्याचा स्वयंपाक आणि गृहव्यवस्था हे त्याचे विषय होते. १९०७ मध्ये व्हर्माँट राज्यातील ब्रॅटलबरो येथे टॉम्सन विद्यालय व १९१८ मध्ये बॉस्टन येथे गृहशुश्रूषेचे विद्यालय निघाले. या तिन्ही संस्थांची दृष्टी रुग्णालयाकडे नव्हती, घराकडे होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

परवान्याचा पहिला कायदा मिसिसिपी राज्याने १९१४ मध्ये केला. न्यूयॉर्कने १९३८ मध्ये नोंदणीकृत व व्यावहारिक अशा दोन्ही पातळ्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा संमत केला; मात्र युद्धकाळामुळे त्याची पूर्ण अंमलबजावणी लांबणीवर पडली. दुसऱ्या महायुद्धात नोंदणीकृत परिचारिका मोठ्या संख्येने सैन्यसेवेत गेल्या आणि रुग्णालयांनी व्यावहारिक परिचारिकांना दारे उघडली. १९४१ मध्ये त्यांच्या शिक्षणाचा विचार करणारी राष्ट्रीय संघटना, तर १९४९ मध्ये त्यांचा स्वतःचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९५५ पर्यंत सर्व राज्यांत परवान्याचे कायदे झाले होते.

१९५० नंतरची दोन दशके हा या वर्गाचा रुग्णालयातील भरभराटीचा काळ होय. एका नोंदणीकृत परिचारिकेच्या हाताखाली व्यावहारिक परिचारिका व सेविका यांचा गट असावा आणि त्याने ठराविक रुग्णांची जबाबदारी घ्यावी, ही गटपरिचर्येची पद्धत एलिनॉर लँबर्टसन यांनी याच काळात मांडली. परंतु १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने परिचर्येचे शिक्षण विद्यापीठे व महाविद्यालये यांतच द्यावे आणि तिच्या ‘व्यावसायिक’ व ‘तांत्रिक’ अशा दोनच पातळ्या असाव्यात, अशी भूमिका घेतली. या मांडणीत एक वर्षाच्या व्यावहारिक प्रशिक्षणाला जागाच उरत नव्हती. नॉर्थ डकोटा या एकाच राज्याने १९८०–९० या दशकात ती नियमांत उतरविली आणि नोंदणीकृत परिचारिकेस पदवी, तर व्यावहारिक परिचारिकेस दोन वर्षांची सहपदवी आवश्यक ठरविली. २००३ मध्ये तो नियमही मागे घेण्यात आला. व्यावहारिक परिचर्या नाहीशी झाली नाही. ती रुग्णालयातून बाहेर सरकली. १९८३ पासून मेडिकेअर योजनेने रुग्णालयांना रोगनिदानानुसार ठराविक रक्कम देण्यास सुरुवात केल्यावर रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम घटला. जे आत राहिले ते अधिक गंभीर आजाराचे, आणि त्यांच्यासाठी रुग्णालये नोंदणीकृत परिचारिकांनाच पसंती देऊ लागली.

प्रशिक्षण : व्यावहारिक परिचर्येच्या प्रवेशासाठी माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र किंवा त्याची समकक्ष परीक्षा पुरते. अभ्यासक्रम बारा ते अठरा महिन्यांचा असून तो सामुदायिक महाविद्यालये, धंदेशिक्षणाच्या शाळा व काही रुग्णालये यांतून चालतो. शरीररचना, औषधिविज्ञान, पोषण, प्रसूती व बालरुग्ण, शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषा आणि वृद्धपरिचर्या हे विषय शिकवितात. कॅलिफोर्नियाने किमान १,५३० तासांचे बंधन घातले असून त्यांपैकी ९५४ तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असतात. कॅनडात मानदंड बराच वरचा आहे. आँटॅरिओमध्ये २००५ पासून दोन वर्षांची महाविद्यालयीन पदविका लागते.

नोंदणीकृत परिचारिका होण्याचे अमेरिकेत तीन मार्ग आहेत : रुग्णालयाची पदविका (हा आता विरळ झाला आहे), सामुदायिक महाविद्यालयाची दोन वर्षांची सहपदवी आणि विद्यापीठाची चार वर्षांची पदवी. सहपदवीचा मार्ग मिल्ड्रेड माँटॅग यांच्या १९५१ च्या प्रबंधातून पुढे आला. तो कागदोपत्री दोन वर्षांचा असला, तरी रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान हे पूर्वविषय आधी उत्तीर्ण व्हावे लागतात आणि पुष्कळ महाविद्यालयांत जागेसाठी थांबावेही लागते. प्रत्यक्षात तीन वर्षे धरून चालणे बरे.

दोन्ही वर्गांची परीक्षा परिचर्या मंडळांची राष्ट्रीय परिषद घेते. परीक्षा मात्र दोन स्वतंत्र आहेत. १९९४ पासून त्या संगणकावर घेतल्या जातात. उमेदवाराच्या उत्तरांप्रमाणे पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी बदलत जाते आणि पात्रता वा अपात्रता यांविषयी पुरेशी खात्री झाली, की परीक्षा थांबते. एप्रिल २०२३ पासून प्रश्नांची संख्या दोन्हीकडे किमान ८५ व कमाल १५० आहे.

अधिकार व जबाबदारी : प्रत्येक राज्याचा परिचर्या अधिनियम निराळा असल्याने तपशील बदलतात, पण तत्त्व सर्वत्र सारखे आहे. रक्तदाब, नाडी, तापमान पाहणे, औषधे देणे, अंतःक्षेपण करणे, जखमा बांधणे, मूत्रनलिका घालणे, पोटातील नळीतून अन्न देणे, कृत्रिम श्वासमार्गाची निगा राखणे व या सर्वांची नोंद करणे ही व्यावहारिक परिचारिकेची कामे होत. रुग्ण दाखल होताच त्याची पहिली सर्वांगीण तपासणी करणे, तीवरून शुश्रूषेची योजना आखणे, ती बदलणे व कामाची वाटणी करणे हे नोंदणीकृत परिचारिकेकडे असते. शिरेतून थेट औषध देणे व रक्त चढविणे यांबाबत राज्याराज्यांत मोठा फरक आहे.

कायद्याच्या भाषेत हा भेद दोन शब्दांत सामावलेला असतो. व्यावहारिक परिचारिका ‘माहिती गोळा करते’. नोंदणीकृत परिचारिका ‘मूल्यमापन करते’. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटतो. एक उदाहरण घेतल्यास त्यातील आशय कळेल. मधुमेहाचा एक वृद्ध रुग्ण पहाटे घामाघूम झाला आहे व असंबद्ध बोलत आहे. व्यावहारिक परिचारिका त्याची रक्तशर्करा तपासते, ती फार उतरलेली आढळल्यास आधीच लिहून ठेवलेल्या आदेशानुसार साखर देते, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासते, नोंद करते व वरिष्ठांना कळविते. हे सारे तिने अचूक करावयाचे असते व बहुधा ती ते करते. पण रात्रीचे जेवण अर्धवट टाकूनही इन्शुलिनाची मात्रा तीच कशी दिली गेली, गेल्या आठवड्यातील दोन पडण्यांचा याच्याशी संबंध आहे काय, मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यामुळे इन्शुलिन शरीरात अधिक काळ टिकते आहे काय, आणि म्हणून योजनाच बदलावयास हवी काय, हे प्रश्न विचारणे व वैद्यापाशी ते मांडणे हे नोंदणीकृत परिचारिकेचे काम मानले जाते. पुष्कळ अनुभवी व्यावहारिक परिचारिकांच्या मनात हेच प्रश्न येतात आणि त्या ते बोलूनही दाखवितात. परंतु न विचारल्याबद्दल जाब द्यावा लागतो तो दुसरीला.

या व्यवस्थेत एक विसंगती आहे आणि ती नजरेआड करता येत नाही. संघराज्याच्या १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांत (वृद्ध व दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या निवासी संस्थांत) चोवीस तास परवानाधारक परिचारिका असावी असे ठरविले. नोंदणीकृत परिचारिका मात्र दिवसातून सलग आठ तास असली, की सर्वसाधारणतः पुरे. उरलेल्या वेळी, म्हणजे मुख्यतः रात्री, साऱ्या मजल्याची सूत्रे व्यावहारिक परिचारिकेच्या हाती असू शकतात. तिच्यावर देखरेख ठेवणारी व्यक्ती दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असते. ‘निर्देशाखाली काम’ ही कायद्याची कल्पना आणि रात्रपाळीचे वास्तव यांतील हे अंतर या व्यवसायात शिरणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करणे इष्ट. ‘मला रुग्णाजवळ राहायचे आहे, कागदपत्रे नकोत’ या भावनेने अनेकजणी व्यावहारिक परिचर्येकडे वळतात. परंतु स्नान घालणे, भरविणे, कूस बदलणे ही कामे शुश्रूषागृहांत प्रामुख्याने प्रमाणित साहाय्यिका करतात. व्यावहारिक परिचारिकेचा दिवस औषधांची गाडी ढकलीत अनेक निवाशांना वेळेवर औषधे देण्यात, मलमपट्टीत आणि नोंदी लिहिण्यात जातो. सहवास मिळतो तो त्यातून उरलेल्या वेळात. वैद्याचे चिकित्सालय किंवा गृहशुश्रूषा येथे तो अधिक लाभतो.

निवडीची कारणे : वेतनातील तफावत मोठी आहे. अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये व्यावहारिक परिचारिकांचे मध्यम वार्षिक वेतन ५९,७३० डॉलर, तर नोंदणीकृत परिचारिकांचे ८६,०७० डॉलर होते. व्यावहारिक परिचारिकांची संख्या साडेसहा लाखांच्या आसपास असून त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक शुश्रूषागृहांत व तत्सम निवासी संस्थांत काम करतात. नोंदणीकृत परिचारिका तीस लाखांहून अधिक असून त्यांतील सुमारे तीन-पंचमांश रुग्णालयांत आहेत.

या आकड्यांवरून साधा हिशेब मांडता येतो. व्यावहारिक परिचारिका एका वर्षात कमावती होते; सहपदवीच्या मार्गाने जाणारीस तीन वर्षे लागली, असे धरले, तर पहिलीला दोन वर्षांची, म्हणजे सुमारे १,१९,००० डॉलरांची आघाडी मिळते. त्यानंतर दुसरी दरवर्षी सुमारे २६,००० डॉलर अधिक मिळविते. साडेचार वर्षांत ती आघाडी संपते. कर व शुल्क हिशेबात घेतल्यास थोडा फरक पडेल, निष्कर्ष बदलणार नाही. आयुष्यभराच्या मिळकतीचा विचार करता नोंदणीकृत परिचारिकेचा मार्गच लाभाचा आहे आणि हे चाळिशीत शिकू लागणाऱ्या स्त्रीलाही लागू पडते.

तरीही दरवर्षी हजारो स्त्रिया व पुरुष दुसरा मार्ग धरतात आणि त्यांना हिशेब कळत नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. वरील गणितात तीन वर्षे निभावून नेण्याची ऐपत गृहीत धरली आहे. जिच्या घरी लहान मुले आहेत, जी एकटी कमावती आहे, जी आजवर साहाय्यिका म्हणून तुटपुंज्या वेतनावर रात्रपाळ्या करीत आली आहे, तिच्यापुढे एक वर्ष की तीन वर्षे असा प्रश्न नसतोच. एक वर्ष की काहीच नाही, असा तो असतो. शाळा सोडून पंधरा वर्षे झालेल्या व्यक्तीला रसायनशास्त्राचे पूर्वविषय ही दुसरी भिंत वाटते. काहींना अभ्यासाच्या भाराची नव्हे, तर जबाबदारीची मर्यादा हवी असते. तीही लाजिरवाणी गोष्ट नव्हे.

या निवडीला आधार देणारी खरी गोष्ट म्हणजे पुढे चढण्याची पायरी. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये व्यावहारिक परिचारिकेला पहिल्या वर्षाचे श्रेय देऊन दुसऱ्या वर्षात प्रवेश देतात आणि ती सुमारे एक ते दीड वर्षात नोंदणीकृत परिचारिकेच्या परीक्षेस बसू शकते. मधल्या काळात तिचे वेतन चालू राहते. काही रुग्णालये व शुश्रूषागृहे शुल्काचा भारही उचलतात. मात्र पूर्वविषय येथेही सुटत नाहीत, ते फक्त पुढे ढकलले जातात. एकदा पगार सुरू झाला, घरभाडे व हप्ते त्यावर बेतले गेले, की पुन्हा वर्गात बसणे कठीण होते. पायरी आहे म्हणून सारेच चढतात, असे नाही.

शिवाय वरच्या पायरीचीही उंची वाढत आहे. लिंडा एकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असले, तर शस्त्रक्रियेच्या रुग्णांना दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू येण्याचा संभव सुमारे पाच टक्क्यांनी कमी असतो, असे त्यात दिसून आले. २०१० मध्ये वैद्यक संस्थेच्या अहवालाने २०२० पर्यंत ऐंशी टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात अशी शिफारस केली. व्यावहारिक परिचारिका अकुशल असतात याचा पुरावा म्हणून एकिन यांचा अभ्यास पुष्कळदा पुढे केला जातो. ते बरोबर नाही. त्यातील तुलना नोंदणीकृत परिचारिकांमधील पदवीधर व बिनपदवीधर अशी आहे.

ब्रिटनमधील अनुभव : पायरी नसेल तर काय होते, याचे उदाहरण ब्रिटनने घालून दिले. तेथे १९१९ च्या कायद्याने परिचारिकांची नोंदणी सुरू झाली आणि १९४३ च्या कायद्याने साहाय्यक परिचारिकांसाठी ‘रोल’ नावाची दुसरी सूची निघाली. १९६१ पासून या वर्गाला ‘स्टेट एनरोल्ड नर्स’ म्हणू लागले. प्रशिक्षण दोन वर्षांचे. नोंदणीकृत परिचारिकेचे तीन वर्षांचे. राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी कॅरिबियन बेटांतून आलेल्या अनेक तरुणींना, त्यांची शैक्षणिक पात्रता असतानाही, या दुसऱ्या सूचीच्या प्रशिक्षणाकडे वळविण्यात आले. कित्येकींना दोन सूचींतील फरक प्रशिक्षण संपेपर्यंत कोणी सांगितलाच नाही. मायदेशी परतू पाहणारीला तेथे ही पात्रता मान्य नसल्याचे आढळे, तर ब्रिटनमध्ये बढतीचा मार्ग जवळजवळ बंद असे. वॉर्डात मात्र दोघी पुष्कळदा एकच काम करीत. १९८६ मध्ये पुढे आलेल्या शिक्षणसुधारणेनंतर हे प्रशिक्षण क्रमशः बंद करण्यात आले आणि जुन्या परिचारिकांसाठी रूपांतराचे वर्ग निघाले. त्यांतील जागा अपुऱ्या होत्या. इंग्लंडने २०१९ मध्ये ‘नर्सिंग असोसिएट’ हा दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा नवा वर्ग नोंदणीत आणला. परिचारिकेची पदवी घेताना त्याचे श्रेय मिळू शकते, एवढा धडा त्यात घेतलेला दिसतो.

भारतातील स्थिती : भारतीय परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत व्यावहारिक परिचारिका असा वर्ग नाही. तिच्याशी अंशतः जुळणारा वर्ग म्हणजे साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका. शासकीय बोलीत तिला ‘एएनएम’ म्हणतात, महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’. हे प्रशिक्षण १९५१ मध्ये दोन वर्षांचे म्हणून सुरू झाले. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्यसेविका करण्याची शिफारस केल्यानंतर १९७७ मध्ये ते अठरा महिन्यांचे झाले व पुढे पुन्हा दोन वर्षांचे करण्यात आले. सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्र (जीएनएम) ही पदविका तीन वर्षांची आणि बी.एस्‌सी. ही पदवी चार वर्षांची आहे. या दोहोंनंतरच ‘नोंदणीकृत परिचारिका’ ही नोंदणी मिळते [⟶ परिचर्या].

साम्य येथेच संपते. अमेरिकेतील व्यावहारिक परिचारिका संस्थेत व देखरेखीखाली काम करते. मैदानी प्रदेशात पाच हजार व डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार वस्तीच्या उपकेंद्रावरील आरोग्यसेविका मात्र लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, कुटुंबनियोजन आणि साऱ्या नोंदवह्या यांचे काम पुष्कळसे स्वतःच्या जबाबदारीवर करीत असते. कमी शिक्षणाच्या वर्गाकडे अधिक एकाकी काम, हा प्रकार शुश्रूषागृहातील रात्रपाळीपेक्षा फारसा वेगळा नाही. भारतात तो रात्रीपुरता मर्यादित नाही, इतकेच. हीच परिचारिका खाजगी रुग्णालयात गेली, की तिच्याकडून बहुधा वॉर्डातील सर्व कामे कमी वेतनात करून घेतली जातात.

पायरीच्या बाबतीत भारतातील व्यवस्था अमेरिकेपेक्षा कठोर आहे. सेवेतील साहाय्यकारी परिचारिकेला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर पर्यवेक्षिकेच्या पदावर बढती मिळू शकते आणि नोंदणी झालेली साहाय्यकारी परिचारिका जीएनएमच्या प्रवेशासही पात्र धरली जाते; परंतु तेथे तिला पूर्ण तीन वर्षे पहिल्यापासून शिकावे लागते, आधीच्या दोन वर्षांचे श्रेय मिळत नाही. परदेशी जाण्याचा विचार असणारीने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. अमेरिकेत कायम वास्तव्याच्या अर्जासाठी परिचारिकांना श्रमखात्याच्या ज्या सवलतीच्या सूचीचा लाभ मिळतो, तीत नोंदणीकृत परिचारिका येतात. व्यावहारिक परिचारिका येत नाहीत.

यांशिवाय महाराष्ट्रातील अनेक शहरांत सहा महिने वा एक वर्ष मुदतीचे ‘नर्सिंग’चे खाजगी वर्ग चालतात व कधीकधी ‘प्रॅक्टिकल नर्सिंग’ हेच नाव लावतात. तेथील प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. ते घेतलेल्या मुली घरगुती रुग्णसेवेच्या ब्यूरोमार्फत किंवा छोट्या रुग्णालयांत काम करतात. त्यांपैकी कित्येकींच्या हातात चांगले कौशल्य असते, पण ते कोणत्याही सूचीत चढत नाही. मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या परिषदांकडे उपलब्ध असतात; शुल्क भरण्यापूर्वी त्यांत संस्थेचे व अभ्यासक्रमाचे नाव पडताळून पाहता येते.